पोफळीची दुसरी पाळी

दुपारी 1.30

पाळीची गाडी वसाहतीतून निघून बोगद्यात शिरते आणि मार्चचं ऊन मागे राहतं. पोफळीचं वीजगृह डोंगराच्या पोटात कोरलेलं आहे. घाटमाथ्यापलीकडे कोयना वाहते आणि पुढे कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिच्यावरच्या धरणातलं पाणी सह्याद्रीच्या आरपार बोगद्याने पश्चिमेला आणलं आहे, आणि इथे ते पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली येतं. कोयनेच्या पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याची मिळून आठ मशीन इथे आहेत, एकूण क्षमता 600 मेगावॉट. पहिल्या टप्प्यातून 1962 साली वीज मिळू लागली.

दुसऱ्या पाळीला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी एकच गोष्ट आधी सांगतो. आपल्या मशीनमध्ये विजेचा थेंबभरही साठा नसतो. साठा आहे तो वर धरणाच्या शिवसागर जलाशयात, पाण्याचा. राज्यात कुणी बटण दाबलं की त्याची वीज त्याच क्षणी कुठल्या तरी आसाला जोर लावून तयार करावी लागते. संध्याकाळच्या वेळी त्यातला काही वाटा आपल्यासारख्या जलविद्युत केंद्रांच्या आसांवर येतो. पुढच्या आठ तासांत आपण जे काही करतो, ते यासाठीच.

दुपारी 2.00

चार्ज घेणं. पहिल्या पाळीचे साहेब लॉगबुक पुढे सरकवतात. कोणतं मशीन चालू, कोणतं उभं, कोणत्या मशीनवर काम करायचं परमिट बाहेर आहे, धरणाची पातळी किती, दिवसभरात पाणी किती वापरलं. सकाळच्या मागणीसाठी घेतलेली मशीन दहाच्या सुमारास एकेक करून बंद केलेली आहेत. आता दुपारी सौर प्रकल्प जोरात आहेत, शेतीपंपांनाही बऱ्याच ठिकाणी दिवसा वीज मिळते, आणि आमची गरज कमी आहे.

बेअरिंगचं तापमान, तेलाची पातळी, ट्रान्सफॉर्मरचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट अशी ओळीने वाचनं घेतो. बॅटरीकडे नवखा माणूस फारसं लक्ष देत नाही. पण सगळं अंधारात गेलं तरी ब्रेकर उघडायला आणि संरक्षणाचे रिले जागे ठेवायला तीच कामाला येते. म्हणून पाळीत तिची नोंद चुकवायची नाही.

दुपारी 2.45

तीन नंबरचं मशीन देखभालीसाठी काही दिवस उभं आहे. संध्याकाळी ते परत द्यायचं आहे. शिकाऊ अभियंता मुलगी सोबत आहे. उभं मशीन म्हणजे शिकवायला मिळालेली संधी, चालू मशीनच्या आत डोकावता येत नाही.

पुस्तकातल्या आकृतीत दोन चुंबकांच्या मध्ये तारेचं एक वेटोळं फिरतं. प्रत्यक्षात मोठ्या मशीनमध्ये उलटं असतं. चुंबक फिरतो आणि वेटोळी स्थिर राहतात. कारण साधं आहे. जिथे 11 हजार व्होल्ट आणि हजारो अ‍ॅम्पिअर तयार होणार, ती गुंडाळी फिरती ठेवली तर एवढा प्रवाह सरकत्या संपर्कातून बाहेर काढावा लागेल. त्यापेक्षा चुंबकाला लागणारा छोटा प्रवाह आत पोचवणं कितीतरी सोपं.

बाहेरचं स्थिर कडं म्हणजे स्टेटर. सिलिकॉन पोलादाचे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे पत्रे एकावर एक रचून त्याचा गाभा केलेला असतो, आणि प्रत्येक पत्र्याला इन्सुलेशनचा पातळ थर दिलेला असतो. अखंड पोलाद वापरलं असतं तर बदलत्या चुंबकीय क्षेत्राने त्या पोलादातच भोवरी प्रवाह फिरले असते आणि वीज मिळण्याऐवजी नुसती उष्णता मिळाली असती. गाभ्याच्या खाचांमध्ये अभ्रकाचं इन्सुलेशन चढवलेल्या तांब्याच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांचे तीन संच, एकमेकांपासून 120 अंशांच्या विद्युत अंतरावर. म्हणून तीन फेज.

आत फिरणारा भाग म्हणजे रोटर. त्याच्या घेरावर ध्रुव, एक उत्तर, एक दक्षिण, पुन्हा उत्तर, असे क्रमाने. ध्रुवांवर तांब्याची गुंडाळी, तिच्यात एकदिश प्रवाह. स्टेटरच्या एका पट्टीसमोरून उत्तर ध्रुव गेला की तिच्यात व्होल्टेज एका दिशेने चढतं आणि उतरतं, मग दक्षिण ध्रुव आला की उलट दिशेने. प्रत्यावर्ती प्रवाह तो हाच. 1831 मध्ये मायकेल फॅरेडेने लंडनमध्ये वेटोळ्यात चुंबक आतबाहेर करून हा परिणाम दाखवला. दुसऱ्याच वर्षी पॅरिसमध्ये हिपोलित पिक्सी याने हाताने फिरवायचं यंत्र बांधलं. या मशीनमध्ये त्याहून वेगळं तत्त्व एकही नाही.

मामा ब्रशगियरचं झाकण उघडतात. मामा म्हणजे आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ, मला पाळीतलं निम्मं काम त्यांनी शिकवलं. रोटरच्या गुंडाळीत प्रवाह जातो तो दोन चकचकीत पोलादी कड्यांमधून, म्हणजे स्लिप रिंगांमधून, आणि त्यांवर टेकलेल्या कार्बन ब्रशांमधून. मामा एकेक ब्रश धारकातून बाहेर ओढतात, झिजून किती उरला ते पाहतात, टोकाला बोट फिरवतात. टोक गुळगुळीत, एकसारखं चमकणारं हवं. कडेने तुटलेलं किंवा चऱ्या पडलेलं असेल तर चालू मशीनवर ठिणग्या उडणार.

‘‘ताई, हा हात लावून बघा,’’ मामा तिला ब्रश देतात. ‘‘घरात सैल व्हायला हवा, पण डुगडुगायला नको. अडकला की रिंगवर नीट टेकत नाही, मग शेजारचे ब्रश जास्त प्रवाह ओढतात नि तापतात.’’

तिच्या बोटांना काळी पूड लागते. ही पूड नुसती घाण नाही. कार्बन वीज वाहतो. पूड साचत गेली तर गुंडाळी आणि जमीन यांच्यात वाट तयार होते. म्हणून व्हॅक्यूमने सगळं साफ करायचं, सांदीकोपरे फडक्याने पुसायचे. दोन रिंगांची झीजही सारखी होत नाही, एक धन असते, एक ऋण, आणि त्यांतली एक जास्त झिजते. म्हणून अधूनमधून त्यांची ध्रुवता बदलून घेतात.

दुपारी 4.00

मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणं. डोंगराच्या पोटात हवा दमट असते. उभ्या मशीनमध्ये हीटर चालू ठेवूनही इन्सुलेशनमध्ये ओल धरलेली असू शकते. स्टेटरच्या गुंडाळीला एकदिश उच्च दाब देऊन पहिल्या मिनिटाचं वाचन घ्यायचं आणि मग दहाव्या मिनिटाचं. गुंडाळी कोरडी आणि निरोगी असेल तर रोध चढत जातो. दहाव्या मिनिटाचा आकडा पहिल्याच्या निदान दुप्पट असावा. ओल असेल तर तो तिथेच घुटमळतो. ही दहा मिनिटं शांत उभं राहायचं असतं. घाई केलेल्या वाचनाला काही अर्थ नाही.

आज वाचन चांगलं येतं. गुंडाळीतला उरलेला भार जमिनीत उतरवतो, अर्थिंग काढतो, हत्यारं मोजून परत घेतो. एक विसरलेला पाना फिरत्या रोटरजवळ गेला तर स्टेटर फाडून ठेवेल. सगळी माणसं बाहेर आली याची सही झाल्यावरच परमिट रद्द होतं.

संध्याकाळी 5.00

चहा. मुलगी वहीत गणित मांडते. वारंवारता म्हणजे ध्रुवांची संख्या गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले 120. आपल्याला 50 हर्ट्झ हवेत. मिनिटाला 300 फेरे घेणाऱ्या मशीनला 20 ध्रुव लागतील, 375 फेरे घेणाऱ्याला 16. कोळशाच्या केंद्रातला दोन ध्रुवांचा रोटर मिनिटाला 3000 फेरे घेतो. पाण्याचं चक्र सावकाश फिरतं, म्हणून आमचे रोटर जास्त ध्रुवांचे आणि रुंद घेराचे. 

गणित मांडून झाल्यावर ती विचारते, ‘‘सर, म्हणजे देशातली सगळी मशीन एकाच ठेक्यात फिरतात?’’

होय. चंद्रपूरचं, कोराडीचं, हिमाचलातलं भाक्राचं, सगळी. 2013 च्या अखेरीस दक्षिणेची ग्रिड जोडली गेल्यापासून सारा देश एकाच वारंवारतेवर चालतो. ध्रुवांची संख्या आणि वेग वेगवेगळे, पण सेकंदाला 50 आवर्तनं सर्वांची तीच. एकट्या मशीनला मनाप्रमाणे वेगळा वेग ठेवता येत नाही.

संध्याकाळी 5.40

कळव्याच्या भार प्रेषण केंद्राचा फोन येतो. आम्ही त्याला एल.डी. म्हणतो. ‘‘पोफळी, तीन नंबर लाइनवर घ्या. सहा-सव्वासहाला लोड लागेल.’’

कोळशाचं थंड पडलेलं युनिट उभं करायला कित्येक तास लागतात. आमच्याकडे काही मिनिटं पुरतात. थंड पाण्याचा प्रवाह सुरू, बेअरिंगचं तेल ठीक, ब्रेक सुटलेले, मुख्य झडप उघडली. मग नोझलची सुई थोडी मागे सरते आणि पाण्याची धार पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळते. प्रत्येक वाटीच्या मधोमध धारदार कणा असतो, तो धारेचे दोन भाग करून तिला जवळजवळ उलट वळवतो. पाणी वेग देऊन टाकतं आणि खाली पडतं.

आस हलतो. आधी खालून घरघर, मग सूर चढत जातो. वेग पूर्ण होत आला की एक्सायटेशन, म्हणजे रोटरच्या गुंडाळीतला प्रवाह, चालू करतो. रोटरच्या ध्रुवांत चुंबकत्व येतं आणि व्होल्टमीटरचा काटा शून्यावरून 11 हजारांपर्यंत जातो. 

संध्याकाळी 6.00

सिंक्रोनाइझिंग. माझ्या मते पाळीतलं हे सर्वांत नाजूक काम. मशीन ग्रिडला जोडण्याआधी चार गोष्टी जुळाव्या लागतात. व्होल्टेज तेवढंच, वारंवारता तीच, फेजचा क्रम तोच, आणि दोन्ही लहरी त्या क्षणी एकाच जागी. सिंक्रोस्कोपचा काटा सावकाश घड्याळाच्या दिशेने फिरायला हवा. याचा अर्थ आपलं मशीन ग्रिडपेक्षा किंचित पुढे धावतं आहे, जोडल्याबरोबर ते थोडं देईल, ओढणार नाही. काटा बारापाशी पोचण्याच्या जरा आधी ब्रेकरला आज्ञा जाते, कारण ब्रेकरचे संपर्क मिटायलाही सेकंदाचा छोटासा भाग लागतो. आज हे काम स्वयंचलित उपकरण करतं. तरी माझी नजर काट्यावरून हटत नाही, आणि मुलीलाही मी तेच सांगतो. लहरी जुळलेल्या नसताना ब्रेकर मिटला तर साऱ्या देशाची ग्रिड त्या रोटरला एका झटक्यात आपल्या जागेवर खेचते. गुंडाळीची टोकं वाकतात, आसाला पीळ बसतो.

ब्रेकर मिटतो. ठक. काटा बारावर स्थिर. मशीन आता देशाच्या ठेक्यात आहे, पण भार अजून शून्याजवळ. धार फक्त घर्षण आणि इतर तोटे भागवते आहे.

संध्याकाळी 6.40

घाटावर सूर्य कलतो आणि राज्यभरचे सौर प्रकल्प उतरू लागतात. नेमके याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, एसी चालू होतात. एल.डी. सांगतं, ‘‘तीन नंबर पूर्ण द्या.’’ एकामागोमाग एक मशीन चढवत न्यायची. तीन नंबर 70 मेगावॉटवर जातं.

फिरतंय तर त्याच वेगाने, मग भार वाढला म्हणजे नक्की काय झालं, असा प्रश्न मुलीच्या चेहऱ्यावर दिसतो. मी तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या हाताने फिरवायच्या जनित्राची आठवण देतो. दिवा सुटा असताना त्याची मूठ बोटाने फिरते. दिवा जोडला की तीच मूठ हाताला जड लागते. वेटोळ्यात प्रवाह वाहू लागला की तो स्वतःचं चुंबकीय क्षेत्र उभं करतो आणि फिरवणाऱ्याला अडवतो. हाइनरिश लेंझने 1834 मध्ये हा नियम मांडला. इथेही तेच. स्टेटरमधल्या प्रवाहाचं क्षेत्र रोटरला मागे ओढतं. धार मोठी केली की रोटर त्या क्षेत्राच्या काही अंश पुढे सरकतो आणि तसाच पुढे राहून त्याच वेगाने फिरत राहतो. तो कोन जितका मोठा, तितकी वीज जास्त. मात्र कोन मर्यादेपलीकडे गेला तर चुंबकीय पकड सुटते, म्हणून सुरक्षित अंतर राखूनच भार द्यायचा.

एखाद्या घरात इस्त्री लागली की तिचा प्रतिकार तारांमधून, ट्रान्सफॉर्मरांमधून सगळ्या चालू आसांवर वाटला जातो, आणि त्यातला अतिसूक्ष्म भाग या आसावरही येतो. माझ्या कामातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पैशांचा हिशेब महिन्याच्या बिलात होतो, पण आसावरचा हिशेब त्याच क्षणी चुकता होतो.

संध्याकाळी 7.30

मागणी शिखरावर. नियंत्रण कक्षात सगळ्यांची नजर वारंवारतेच्या आकड्यावर. 49.97. 49.94. नियमांनी ठरवलेला पट्टा 49.90 ते 50.05 हर्ट्झचा. आकडा खाली जाणं म्हणजे देशातली मागणी त्या क्षणी पुरवठ्यापेक्षा जास्त आहे आणि सगळे रोटर मिळून किंचित मंदावत आहेत. 

कुठे एखादं मोठं युनिट ट्रिप झालं तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत कमी पडलेली ऊर्जा कोण देतं? फिरत्या रोटरांचं वजन. टनावारी पोलाद आणि तांबं आपल्या गतीतली थोडी ऊर्जा देऊन टाकतं, म्हणून वेग हळूहळू घसरतो, एकदम कोसळत नाही. तेवढ्या अवधीत गव्हर्नर वेग घटलेला ओळखतो आणि सुई मागे घेऊन धार वाढवतो. सौर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही. म्हणून सौर वीज वाढत असताना अशा जड रोटरांची किंमतही वाढते आहे.

उलटं संकटही असतं. आमचंच मशीन भारावर असताना ट्रिप झालं तर अडवणारं चुंबकीय ओझं क्षणात नाहीसं होतं आणि चक्र बेफाम पळू लागतं. सुई झटक्यात बंद करायची नाही, कारण शेकडो मीटर उंचीच्या दाबनळीतलं पाणी एकदम थांबवलं तर त्याचा हातोड्यासारखा तडाखा नळीला बसतो. म्हणून धारेपुढे आधी डिफ्लेक्टर येतो आणि तिला वाट्यांपासून बाजूला वळवतो. मग सुई सावकाश मिटते.

रात्री 8.15

व्होल्टेजकडे लक्ष. पंप, पंखे, एसी यांच्या मोटारींना चुंबकत्व उभं करायला वेगळा, रिअ‍ॅक्टिव्ह प्रवाह लागतो. त्याने काम होत नाही, पण तो नसेल तर व्होल्टेज ढासळतं. रोटरचं एक्सायटेशन वाढवलं की मशीन तो पुरवतं. धारेने मेगावॉट वाढतात, एक्सायटेशनने मेगाव्हार. ग्रिडला जोडलेल्या मशीनचे हे दोन लगाम वेगवेगळे आहेत, हे हातात बसलं की निम्मं काम कळलं.

इथून वीज बाहेर जाताना 11 हजारांची 2 लाख 20 हजार व्होल्ट होते. दाब 20 पट झाला की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह विसावा भाग उरतो, आणि तारांमध्ये उष्णतेने होणारा तोटा 400 पट कमी. ट्रान्सफॉर्मरला बदलता प्रवाहच लागतो, आणि म्हणूनच प्रत्यावर्ती वीज जगभर जिंकली. घाटावरचं पाणी कोकणात सोडून मुंबईला वीज द्यायची ही कल्पनाही जुनी आहे. टाटांचं खोपोलीचं केंद्र 1915 मध्ये सुरू झालं ते गिरण्यांसाठी.

रात्री 9.00

नऊच्या ठोक्याला मामांना नेहमी 5 एप्रिल 2020 आठवतो, आणि नव्या माणसाला ते तो सांगतातच. त्या रात्री देशभर लोकांनी नऊ मिनिटं घरातले दिवे मालवले. मागणी सुमारे 31 हजार मेगावॉटने खाली आली आणि लगेच परत वर गेली. कोळशाची युनिटं इतक्या झटपट खालीवर होत नाहीत. देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी आधी पूर्ण भार धरून ठेवला, मग तो मिनिटागणिक सोडला, आणि दिवे लागताच पुन्हा उचलला. ग्रिड तगली. त्या रात्री नोझलच्या सुया चालवणाऱ्या सगळ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

रात्री 9.30

मागणी उतरू लागते. ‘‘तीन नंबर काढा.’’ भार हळूहळू शून्याकडे आणायचा, ब्रेकर उघडायचा, एक्सायटेशन काढायचं, सुई मिटवायची. रोटर मोकळा सोडला तर बराच वेळ फिरत राहील आणि कमी वेगात बेअरिंगवरची तेलाचा पातळ थर तुटायची भीती. म्हणून एक छोटी धार वाट्यांच्या पाठीवर उलट सोडतात आणि शेवटी ब्रेक लावतात.

रात्री 10.00

चार्ज देणं, आणि पाण्याचा हिशेब. इथे एक युनिट वीज बनवायला जवळपास 900 लिटर पाणी खाली यावं लागतं. 70 मेगावॉटचं मशीन तासभर चाललं की 70 हजार युनिट आणि सहा कोटी लिटरच्या वर पाणी. ते वाया जात नाही, पुढे कोळकेवाडीत साठून तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज देतं आणि वाशिष्ठीत उतरतं. पण घाटाच्या या बाजूला आलेला थेंब परत कृष्णेत जात नाही. म्हणून कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. जून ते मे हे आमचं पाणीवर्ष. मार्चमध्ये वापरलेला प्रत्येक टीएमसी मेच्या अखेरच्या काहिलीत कमी पडतो.

म्हणून नव्या पाळीला सह्या देताना मला वाचकांनाही काही सांगावंसं वाटतं. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट होतं. तोच गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप शक्य असेल तेव्हा दुपारी चालवा. त्या वेळी ऊन वीज देत असतं. संध्याकाळी सात ते नऊमध्ये वाचवलेलं प्रत्येक युनिट म्हणजे शिवसागरात राहिलेलं 900 लिटर पाणी, आणि मेमध्ये ते लागणार आहेच.